द्रव-बाष्प सीमेवरच्या लहरी: कागदावरचा अंदाज आणि सिम्युलेशनमधली मोजणी

पेल्यातल्या निवांत पाण्याचा पृष्ठभाग किती खडबडीत असतो? २५ अंश सेल्सियसला केशिका तरंगांचा (पृष्ठताण ज्यांना आवरतो अशा औष्णिक लहरींचा) सिद्धांत पाच नॅनोमीटर बाजूच्या सिम्युलेशन-पेटीसाठी सुमारे १.६ अँगस्ट्रॉम सांगतो. एक मायक्रोमीटरच्या तुकड्यासाठी तो २.७ सांगतो आणि अख्ख्या पेल्यासाठी ४. पाणी तेच, तापमान तेच आणि तिन्ही उत्तरे बरोबर. म्हणून या विषयात कोणी नुसतीच ‘जाडी’ सांगितली, तर आधी विचारायचे: कोणत्या लांबीपासून कोणत्या लांबीपर्यंतच्या लहरी धरल्या? त्याचे उत्तर मिळेपर्यंत आकडा बाजूला ठेवायचा.

हा लेख एमएस्सीच्या किंवा नुकतेच पीएचडी सुरू केलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सांख्यिकी यामिकीची तोंडओळख, थोडे पायथॉन आणि लॅम्प्ससारखे रेण्वीय सिम्युलेशनचे पॅकेज चालवता येणे एवढे पुरे. आधी कागदावर अंदाज बांधायचा, मग साध्या लेनार्ड-जोन्स द्रवाची (जवळ आले की ढकलणाऱ्या आणि थोड्या अंतरावर ओढणाऱ्या गोल कणांच्या प्रतिमानाची) लादी संगणकावर उभी करायची आणि तिच्या लहरींतून पृष्ठताण काढायचा. तोच पृष्ठताण दाबावरूनही काढायचा. दोन्ही जुळले की पुढच्या, वादाच्या भागात शिरायचे.

आधी दोन चित्रे

पहिले चित्र व्हॅन डर वाल्सचे, १८९३ सालचे. द्रवातून बाष्पात जाताना घनता एकदम तुटत नाही, हळूहळू उतरते. मधल्या घनता तिथल्या तिथे महाग असतात, म्हणून उतार तीव्र असावा असे मुक्त ऊर्जेला वाटते. पण तीव्र उताराचीही किंमत असते आणि ती उताराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या ओढाताणीतून टॅनएच आकाराची वक्ररेषा निघते आणि तिची रुंदी द्रवाच्या सहसंबंध-लांबीएवढी (एका जागच्या घनतेच्या चढउताराचा परिणाम जितक्या अंतरापर्यंत जाणवतो तेवढी) येते. १९५८ साली कान आणि हिलियर्ड यांनी हीच मांडणी स्वतंत्रपणे पुन्हा केली, त्यामुळे आज ती बऱ्याचदा त्यांच्या नावाने ओळखली जाते. या चित्रात सीमा सपाट आहे आणि थरथर कुठेच नाही.

दुसरे चित्र बफ, लव्हेट आणि स्टिलिंजर यांचे, १९६५ सालचे. यात सीमा जवळजवळ धारदार आहे, पण औष्णिक ऊर्जेमुळे ती सतत वरखाली होते. आपल्याला दिसणारी पसरट घनता ही या हालचालीची सरासरी. कल्पना त्याहून जुनी आहे: द्रवाच्या पृष्ठभागावर औष्णिक लहरी असणारच हे स्मोलुखोव्स्कीने १९०८ साली ओळखले होते आणि त्यांच्यामुळे प्रकाश कसा विखुरतो याचे गणित मांडेलश्टामने १९१३ मध्ये केले. कलकत्त्यात सी. व्ही. रामन आणि एल. ए. रामदास यांनी १९२५ च्या सुमारास द्रवांच्या पृष्ठभागावरून होणारे हेच विकिरण अभ्यासले आणि त्याचा पृष्ठताणाशी संबंध तपासला. हे रामदास पुढे पुण्यात हवामान खात्यात आले आणि भारतातल्या कृषी-हवामानशास्त्राचा पाया त्यांनी घातला. शेतीच्या हवामानाच्या संदर्भात त्यांचे नाव ऐकलेल्या फार थोड्यांना हे आधीचे काम माहीत असते.

दोन्ही चित्रांत खरा विरोध आहे. गुरुत्व शून्याकडे नेले आणि पृष्ठभाग मोठा करत गेलो, तर पहिल्या चित्रातली जाडी जागची हलत नाही. दुसऱ्यातली लॉगॅरिथमच्या चालीने, पण न थांबता वाढत राहते. १९७७ साली वीक्स यांनी यातून वाट काढली. पृष्ठभागाचे सहसंबंध-लांबीएवढे रुंद स्तंभ पाडा, स्तंभाच्या आत पहिले चित्र लावा, आणि स्तंभ एकमेकांच्या तुलनेत जे वरखाली होतात त्याला दुसरे. पुढची सगळी पद्धत याच तोडग्यावर उभी आहे.

पायरी १: कागदावर अंदाज

सिम्युलेशन लावण्यापूर्वी ही पायरी पूर्ण करा. उत्तर किती यायला हवे हे ठाऊक नसताना लहरी मोजणारा माणूस आपल्याच कोडमधला चारचा गुणक महिनोन्‌महिने भौतिकशास्त्र समजत बसतो.

चिन्हे अशी घेऊ. ऊ म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, पृ म्हणजे पृष्ठताण, क म्हणजे तरंगसंख्या (६.२८ भागिले तरंगलांबी), क्षे म्हणजे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, घ म्हणजे द्रव आणि बाष्प यांच्या घनतांतला फरक आणि गु म्हणजे गुरुत्वत्वरण.

सपाट पृष्ठभागाला सौम्य लाट दिली की क्षेत्रफळ वाढते. ही वाढ म्हणजे उताराच्या वर्गाचे निम्मे, सगळ्या पृष्ठभागावर बेरीज करून. तिला पृष्ठताणाने गुणले की लाटेची ऊर्जा मिळते. शिवाय द्रव वर उचलला गेल्याची गुरुत्व-ऊर्जा, ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही पदे वर्गातली असल्यामुळे फूरिये रूपांतरात प्रत्येक लाट सुटी होते आणि ऊर्जेच्या समविभाजनाचा नियम प्रत्येक लाटेला थेट लागतो:

उंचीच्या फूरिये घटकाच्या वर्गाची सरासरी = ऊ ÷ [क्षे × (पृ × क² + घ × गु)]

इथे फूरिये घटक म्हणजे उंचीला लाटेने गुणून घेतलेली क्षेत्रफळावरची सरासरी. हा संकेत कुठेतरी लिहून ठेवा, पायरी ६ मध्ये लागेल.

कंसातली दोन पदे जिथे सारखी होतात ती केशिका-लांबी, म्हणजे पृ ÷ (घ × गु) याचे वर्गमूळ. पाण्यासाठी पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर धरला तर ती २.७ मिलिमीटर येते. त्याहून लांब लाटा गुरुत्व दाबून टाकते, आखूड लाटांना गुरुत्वाची दखलही नसते. नॅनोमीटरच्या पेटीत गुरुत्वाचे पद ठेवणे हा निव्वळ शिष्टाचार आहे, काढून टाका.

आता सगळ्या लाटांची बेरीज करा. प्रतलातल्या लाटा मोजताना क चा एक गुणक वर येतो, खाली क² असतो, म्हणून उरतो लॉगॅरिथम:

उंचीच्या विचलनाचा वर्ग = [ऊ ÷ (६.२८ × पृ)] × नैसर्गिक लॉग (सर्वांत मोठी क ÷ सर्वांत लहान क)

पाण्याचे आकडे घाला. २५ अंशांना ऊ म्हणजे ४.११ × १०⁻²¹ जूल, त्यामुळे लॉगच्या आधीचा गुणक ०.९१ चौरस अँगस्ट्रॉम येतो. सर्वांत आखूड लाट रेणूच्या आकाराची, ३ अँगस्ट्रॉमची धरू. एक मायक्रोमीटरच्या तुकड्यासाठी लॉगमध्ये ३३३३ जातो, लॉग ८.१, विचलन २.७ अँगस्ट्रॉम. अख्ख्या पेल्यात खालची मर्यादा केशिका-लांबी ठरवते. लॉग सुमारे १७.९ आणि विचलन चार अँगस्ट्रॉम. १९८५ साली ब्रास्लाउ, पर्शन आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण परावर्तनाने पाण्याचा खडबडीतपणा मोजला तेव्हा तो तीनहून थोडा जास्त, ३.३ अँगस्ट्रॉमच्या आसपास निघाला. उपकरणाच्या विभेदनापलीकडच्या लांब लाटा अशा मोजणीतून निसटतात, त्यामुळे तिची तुलना चारशी थेट करता येत नाही. आणि तिच्यात सीमेची मूळची जाडीही मिसळलेली असते, हेही विसरू नका.

लॉगॅरिथम किती संथ असतो हे पाहायचे असेल तर गुरुत्व बंद करून पृथ्वीपासून सूर्यापर्यंत पसरलेला पाण्याचा पृष्ठभाग कल्पा. लॉग ४७.७ येतो आणि विचलन ६.६ अँगस्ट्रॉम. पंधरा कोटी किलोमीटरचा पृष्ठभाग आणि खडबडीतपणा दोन-तीन रेणूंचा! सिद्धांत जाडी अनंताकडे जाते म्हणतो, ती ही अशी.

पायरी २: द्रव निवडा, आणि कटऑफ ठरवून टाका

सुरुवात पाण्याने करू नका. लेनार्ड-जोन्स द्रव घ्या. तो स्वस्त आहे आणि त्याची माहिती भरपूर आहे. कणाचा व्यास लांबीचे एकक, आकर्षणाची खोली ऊर्जेचे एकक. तापमान (म्हणजे ऊ) याच ऊर्जा-एककात ०.७ ठेवा. तिथे बाष्प इतके विरळ असते की पृष्ठभाग ओळखताना भटके कण त्रास देत नाहीत.

पहिला मोठा खड्डा कटऑफचा, म्हणजे ज्या अंतरापलीकडचे आकर्षण (त्याची ‘शेपटी’) मोजायचेच नाही त्या अंतराचा. आकर्षण २.५ व्यासांवर तोडून सरकवलेले ठेवले तर या तापमानाला पृष्ठताण सुमारे ०.५८ येतो. पूर्ण शेपटीसह तो १.१ च्या वर जातो, म्हणजे नुसत्या कटऑफमुळे पृष्ठताण जवळपास निम्मा होतो. एकजिनसी द्रवात शेपटीची दुरुस्ती नंतर एका पदाने भरून काढता येते. सीमेपाशी तशी सोय नाही, कारण शेपटीचा अभाव सीमेचा आकारच बदलतो. क्रांतिक तापमानही पूर्ण द्रवाच्या १.३१ वरून १.०८ पर्यंत खाली येते. म्हणून तोडलेला द्रव हा वेगळा द्रव आहे असेच समजा आणि तुलनाही त्याच कटऑफच्या आकड्यांशी करा. पहिल्या खेपेला मी २.५ चाच सल्ला देईन. पूर्ण शेपटीचे काम नंतर करायचे असेल तर दीर्घ पल्ल्याच्या आकर्षणासाठी एवाल्डसारखी जाळीची पद्धत वापरा.

पायरी ३: लादी

आधी चौकोनी पायाच्या पेटीत एकजिनसी द्रव समतोलात आणा. मग पेटी उभ्या दिशेने दोन्हीकडे ताणा, म्हणजे मध्ये द्रवाची लादी आणि वर-खाली मोकळी जागा राहील. लादी १५ व्यास जाड, पेटी तिच्या तिप्पट उंच. बाजू तीन घ्या: २०, ४० आणि ८० व्यास. द्रवाची घनता ०.८ च्या आसपास असते, तेव्हा कण अनुक्रमे ४८००, १९ हजार आणि ७७ हजारांच्या घरात जातात. पहिल्या दोन पेट्या लॅपटॉपवर निघतात, तिसरीसाठी जीपीयू बरा.

टप्पा ०.००५ काल-एककांचा ठेवा. थर्मोस्टॅट कोणताही चालतो, फक्त लँजव्हॅ वापरत असाल तर घर्षण सौम्य ठेवा. जास्त घर्षणाने समतोलाची उत्तरे बदलत नाहीत, पण लाटा सुस्तावतात आणि मोजणी लांबते.

लादी पेटीत तरंगत सरकते. संवेग शून्य केला तरी नोंदवलेल्या प्रत्येक चित्रात लादीचे वस्तुमान-केंद्र मध्यावर आणून मगच पुढचे काम करा. हे राहिले तर घनतेची रेषा फासली जाते आणि लाटा आहेत त्यापेक्षा मोठ्या वाटतात.

पायरी ४: दाबावरून पृष्ठताण

ही लहरींशी संबंध नसलेली, स्वतंत्र तपासणी. १९४९ साली कर्कवुड आणि बफ यांनी मांडलेल्या यांत्रिक मार्गाने पृष्ठताण असा मिळतो: पेटीच्या उंचीचा निम्मा भाग, गुणिले उभा दाब वजा आडव्या दोन दाबांची सरासरी. निम्मा अशासाठी की लादीला दोन पृष्ठभाग आहेत. हा ‘दोन’ विसरणे इतके सर्रास घडते की उत्तर अपेक्षेच्या नेमके दुप्पट आले तर दुसरीकडे शोधू नका. दाबाची चढउतार मोठी असते. काही लाख टप्प्यांच्या सरासरीशिवाय आकडा स्थिर होत नाही.

पायरी ५: जाडी आणि पेटीचा आकार

घनतेची सरासरी रेषा काढा आणि एरर फंक्शनने जुळवा. टॅनएचही जुळेल, आणि डोळ्यांनी दोघांत फरक दिसणार नाही. म्हणून ‘टॅनएच चांगले बसले, तेव्हा व्हॅन डर वाल्स बरोबर’ असला निष्कर्ष काढू नका. जुळणीच्या चांगुलपणावरून चित्र ठरत नाही, पेटीच्या आकाराबरोबर जाडी वाढते का यावरून ठरते.

मात्र जाडीच्या व्याख्या सांभाळा. एरर फंक्शनमधले विचलन २.५६ ने गुणले की दहा ते नव्वद टक्के घनतेमधले अंतर मिळते. टॅनएचच्या आत ‘दोन गुणिले उंची भागिले जाडी’ असे लिहिले असेल तर तेच अंतर जाडीच्या १.१ पट असते. दोन शोधनिबंधांतल्या जाड्या जुळत नसतील तर आधी इथे पाहा.

आता तीन पेट्यांच्या विचलनाचे वर्ग उभ्या अक्षावर आणि बाजूचा नैसर्गिक लॉग आडव्या अक्षावर मांडा. सरळ रेषा यायला हवी, आणि तिचा चढ ऊ ÷ (६.२८ × पृ), म्हणजे ०.७ आणि ०.५८ घातल्यावर ०.१९. बाजू दुप्पट केली की विचलनाचा वर्ग ०.१३ ने वाढला पाहिजे.

चढालाच महत्त्व द्यायचे, याला कारण आहे. मोजलेल्या वर्गात दोन वाटे असतात: सीमेची स्वतःची जाडी आणि लाटांची भर. त्यांना वेगळे करायचे तर सर्वांत आखूड लाट कोणती धरायची हे ठरवावे लागते, आणि ते ठरवणारा निसर्ग नाही, आपण. एक व्यास धरा किंवा दोन, मूळ जाडी त्याप्रमाणे बदलते. चढ मात्र तसाच राहतो, कारण ती निवड रेषेला वर-खाली सरकवते, कलवत नाही. म्हणूनच ‘मूळ जाडी अमुक निघाली’ अशी ओळ दिसली की मी थबकतो, आणि ‘चढ अमुक निघाला’ असे दिसले की पुढे वाचतो.

वेळेचा हिशोबही इथेच करून टाका. या लांबीवर लाटा हेलकावत नाहीत. चिकटपणामुळे नुसत्या विरत जातात. विरण्याचा काळ साधारण दोन गुणिले श्यानता, भागिले (पृ × क). श्यानता दोन-तीन धरली तर ८० बाजूच्या पेटीतल्या सर्वांत लांब लाटेला शंभराच्या आसपास काल-एकके लागतात, म्हणजे वीस हजार टप्पे. तेवढ्यात तुम्हाला त्या लाटेचा एक नवा नमुना मिळतो. वीस लाख टप्पे चालवले तर शंभराच्या आत-बाहेर स्वतंत्र नमुने, वर-खालचे दोन पृष्ठभाग आणि दोन दिशा धरून तीन-चारशे. सर्वांत लांब लाटेतली चूक मग पाच-सहा टक्क्यांवर येते.

ही लाट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. चौकोनी पेटीतल्या सर्वांत लांब चार लाटा मिळून वर्गात ०.१२ ची भर घालतात, पेटी कितीही मोठी असो. २० बाजूच्या पेटीत लाटांच्या एकूण भरीचा हा पाचवा हिस्सा आहे. आणि खर्च पाहा: बाजू दुप्पट केली की कण चौपट, लाटेचा काळ दुप्पट, म्हणजे संगणकाचे काम आठपट, पदरात काय पडते, तर ०.१३. पेट्या तीनच का सांगितल्या हे आता कळले असेल. संगणकावर वेळ कमी असेल तर सर्वांत मोठी पेटी एकदाच चालवा आणि तिचे चौकोनी तुकडे पाडून तुकड्यागणिक जाडी काढा. स्थिरांक बदलेल, चढ तोच येईल.

पायरी ६: क्षणाचा पृष्ठभाग आणि त्याच्या लाटा

सर्वांत किचकट भाग हा. सिम्युलेशन आपल्याला कण देते, पृष्ठभाग देत नाही. तो आपण रचावा लागतो.

सोपा मार्ग स्तंभ मोजण्याचा. आडव्या प्रतलावर दोन-दोन व्यासांच्या चौकटी आखा, लादीच्या मध्यापासून वर प्रत्येक स्तंभात किती कण आहेत ते मोजा, द्रवाच्या घनतेने आणि चौकटीच्या क्षेत्रफळाने भागा. ती झाली उंची. दोष असा की द्रवाच्या पोटातली घनताही चढउतार करते आणि ती चढउतार उंची म्हणून मोजली जाते. स्तंभ जितका खोल तितका हा गोंगाट जास्त. लांब लाटांवर खऱ्या लाटांचा आवाज मोठा असल्याने तो झाकला जातो, आखूड लाटांवर तोच उरतो आणि वर्णपट (प्रत्येक क साठी फूरिये घटकाच्या वर्गाची सरासरी) सपाट होतो. तो सपाट भाग पृष्ठभागाचा गुण समजू नका.

दुसरा मार्ग विलर्ड आणि चँडलर यांचा, २०१० सालचा. प्रत्येक कणाच्या जागी एक गाउस ढग ठेवा, ढगांची बेरीज करून गुळगुळीत घनता मिळवा आणि ती जिथे द्रवाच्या निम्मी होते ती सम-घनता पृष्ठे काढा. पाण्यासाठी त्यांनी ढगाची रुंदी २.४ अँगस्ट्रॉम घेतली होती. आपल्या द्रवात कणाच्या व्यासाच्या थोडी आत-बाहेर घेऊन पाहा. ही पद्धत लिहायला सोपी आहे आणि पायथॉनमध्ये मार्चिंग क्यूब्जची तयार साधने मिळतात. किंमत ही की ढगाच्या रुंदीहून आखूड लाटा ढगच पुसतो.

तिसरा मार्ग माद्रिदच्या चाकोन आणि तारासोना यांचा, २००३ सालचा. सर्वांत वरच्या थरातले कण टप्प्याटप्प्याने निवडायचे आणि त्या कणांतून जाणारे, कमीत कमी क्षेत्रफळाचे पृष्ठ शोधायचे. काम जास्त, पण या पृष्ठापासून मोजलेल्या घनतेत द्रवाचे थर स्पष्ट दिसतात. सरासरी रेषेत ते लाटांनी फासले गेलेले असतात. एकदा तरी हे करून पाहाच. टॅनएचची ती गुळगुळीत रेषा कशी निर्माण होते ते त्या आलेखात डोळ्यांसमोर उभे राहते.

कोणतीही पद्धत घ्या, आधी बाष्पातले कण वगळा. दीड व्यासाच्या आत असलेले कण शेजारी मानून समूह पाडा आणि सर्वांत मोठा समूह तेवढा ठेवा.

उंची मिळाली की तिचे द्विमितीय फूरिये रूपांतर घ्या. नमपायची नेहमीची आज्ञा भागाकार करत नाही, म्हणून निकालाला चौकटींच्या संख्येने भागा. मग पडताळा: सगळ्या घटकांच्या वर्गांची बेरीज ही उंचीच्या वर्गाच्या सरासरीएवढी यायलाच हवी, दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत. न आल्यास पुढे जाऊ नका.

शेवटी सारख्या लांबीच्या लाटांची सरासरी करून ही राशी काढा:

आभासी पृष्ठताण = ऊ ÷ [क्षे × क² × घटकाच्या वर्गाची सरासरी]

ती क² समोर मांडा. आलेख डावीकडे, क शून्याकडे जाताना, जिथे टेकतो तो पृष्ठताण, आणि तो पायरी ४ च्या आकड्याशी काही टक्क्यांत जुळला पाहिजे. ८० बाजूच्या पेटीत डावीकडचा पहिलाच बिंदू क = ०.०८ वर असतो आणि त्याचीच चूक सर्वांत जास्त, म्हणून रेषा ओढताना बिंदूंना त्यांच्या चुकीप्रमाणे वजन द्या.

पायरी ७: उजवीकडचा भाग, जिथे वाद आहे

जसजसे उजवीकडे जाल, तसतसा आभासी पृष्ठताण बदलेल. स्तंभ मोजले असतील तर गोंगाटामुळे तो पडेल. ढग वापरले असतील तर दाबल्या गेलेल्या लाटांमुळे चढेल. माद्रिद पद्धतीतही तो चढतो. द्रव एकच, कण तेच, फक्त पृष्ठभागाची व्याख्या वेगळी.

सिद्धांतही एका सुरात बोलत नाही. १९९९ मध्ये मेके आणि डायट्रिश यांनी घनता-फलनक सिद्धांतातून दाखवले की लांब पल्ल्याच्या आकर्षणामुळे पृष्ठताण मध्यम लांबीवर आधी कमी होतो आणि अगदी आखूड लाटांवर वाढतो. २००० साली नेचरमध्ये क्ष-किरणांनी अशी घट दिसल्याचा निबंध आला. २००७ साली माद्रिदच्या गटाने त्या भाकितावरच टीका केली. २०१४ पासून पॅरी, रास्कोन, एव्हान्स आणि सहकाऱ्यांचे म्हणणे असे की सरासरी घनता-सहसंबंधातून लांबीनुसार बदलणारा पृष्ठताण एकमेव रीतीने काढताच येत नाही, कारण द्रवाच्या पोटातले सहसंबंध त्यातून पूर्ण वेगळे करता येत नाहीत.

मला हा शेवटचा मुद्दा पटतो. म्हणून सल्ला असा: उजवीकडच्या भागातून ‘वाकण्याचा ताठपणा’ (पृष्ठभाग वाकवायला होणारा विरोध) म्हणून एक संख्या काढून निबंधात टाकण्याचा मोह आवरा. तो टाकायचाच असेल तर पृष्ठभागाची व्याख्या, ढगाची रुंदी, चौकटीचा आकार आणि जुळणीची मर्यादा सोबत द्या, आणि किमान दोन व्याख्यांनी काढून दाखवा. दोघांचे चिन्हच उलटे आले तर वाचकाला ते कळायला हवे.

दुसऱ्या द्रवांकडे जाताना

पाण्याची पेटी करायची असेल तर लक्षात ठेवा की प्रतिमानातल्या पाण्याला स्वतःचा पृष्ठताण असतो. टिप४पी/२००५ हे पाण्याचे प्रतिमान खोलीच्या तापमानाला ६९ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास देते, म्हणजे खऱ्या पाण्याच्या जवळ. टिप३पी हे दुसरे प्रतिमान जेमतेम पन्नाशी ओलांडते. लाटांच्या सूत्रात घालायचा तो प्रतिमानाचा आकडा, ७२ नव्हे. टिप३पीच्या पेटीतल्या लाटा खऱ्या पाण्याहून मोठ्या असणारच, ती चूक तुमच्या विश्लेषणाची नाही.

तापमान क्रांतिक बिंदूकडे नेले तर पृष्ठताण १.२६ च्या घातांकाने घसरतो (व्हॅन डर वाल्सचे चित्र १.५ सांगते) आणि सहसंबंध-लांबी वाढते. मग सर्वांत आखूड लाट आणि पेटीची बाजू यांच्यात जागाच उरत नाही, आणि लॉगॅरिथमची सरळ रेषा काढायला बिंदू मिळत नाहीत. क्रांतिक तापमानाच्या ०.९ पटीच्या वर जायचे असेल तर पेटीची बाजू सहसंबंध-लांबीच्या किमान वीसपट ठेवा, नाहीतर जाऊच नका.

आणि लाटा संगणकाशिवाय डोळ्यांनी पाहायच्या असतील तर कोलॉइड आणि पॉलिमर यांच्या मिश्रणाकडे वळा. कोलॉइडने दाट असलेला थर तिथे द्रवासारखा वागतो आणि विरळ थर बाष्पासारखा. त्यांच्यातला पृष्ठताण पाण्याच्या लाखोपट कमी असतो. तो १०⁻⁷ न्यूटन प्रति मीटर धरा: ऊ भागिले पृ याचे वर्गमूळ ०.२ मायक्रोमीटर येते. पाण्यात तीच राशी ०.२४ नॅनोमीटर असते. २००४ साली आर्ट्स, श्मिट आणि लेक्केरकेर्कर यांनी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली या लाटा थेट टिपल्या आणि सायन्समध्ये छापल्या. पायरी ६ मधला कोड त्या चित्रांवरही चालतो, दोन बदल करून: सूक्ष्मदर्शकात पृष्ठभागाचा एक उभा छेदच दिसतो, म्हणून रूपांतर एकमितीय घ्यावे लागते आणि सूत्र छेदाच्या दिशेखेरीज उरलेल्या दिशेवर बेरीज करून वापरावे लागते. शिवाय इथे केशिका-लांबी काही मायक्रोमीटरच असते, त्यामुळे पायरी १ मध्ये काढून टाकलेले गुरुत्वाचे पद परत घालावे लागते.